मामांचा आवाज आज कुठून

१७ नोव्हेंबर २०१४, सोमवार

ही वही पोळ्याच्या आदल्या दिवशी घेतली. रोज लिहायचं ठरलं होतं. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तेव्हा वहीच्या मागच्या पानांवर मामेबहीण उर्वशीची केमिस्ट्री होती, ती खोडल्याशिवाय मूड लागेना. मग पंधरा दिवस एका मित्रासोबत जत्रेतल्या आकाशपाळण्यावर गेलतो, तिथं वही न्यायची राहिली. त्यानंतर आळस. हे मी कबूल करतो म्हणजे विषय संपला. आजपासून रोज.

कारण आजपासून लिहिण्यासारखं काहीतरी घडून राह्यलं.

भीमराजमामा दारव्हा रोडच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीच्या सीझनला टोकन पुकारतात. एकोणीस वर्षं झाली. कापसाच्या गाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या असतात, मामा ऑफिसातून माइकवर नंबर बोलतात, भोंगा तो रस्ताभर पोचवतो, आणि ज्याचा नंबर लागला तो गाडी काट्यावर घेतो. तीनशेपर्यंत झाले की परत एकपासून. नंबर ऐकू आला नाही तर गाडी रांगेच्या शेवटी. म्हणजे आणखी दोन दिवस गाडीखाली झोपणं.

मामांचा गळा बसला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बोलायचं नाही. मॅनेजर सदाशिवराव म्हणाले, पुकारा थांबवता येत नाही, माझा साळा नयन रिकामाच आहे, त्याले बसवतो. नयन एकदा खुर्चीत बसला की उठत नाही, हे तालुक्याला माहीत आहे. म्हणजे मामांची जागा गेली.

तेव्हा मी पुढे झालो. म्हणालो, मामांचा आवाज रेकॉर्ड करू, कॉम्प्युटर पुकारेल. सदाशिवराव म्हणाले, तुले जमते का? मी अमरावतीच्या सायबर कॅफेत अडीच महिने होतो हे सांगितलं. तिथं मी झेरॉक्सच्या मशीनवर होतो, हे त्यांनी विचारलं नाही.

ठरलं. मामांचा आवाज येत राहिला तर जागा मामांची. नाही आला तर नयनची.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंग. एक ते तीनशे, एका बैठकीत, माझ्या मोबाईलवर. मामा मध्येच हात करून थांबू म्हणत होते. मी म्हणालो, फ्लो तुटतो. शहाऐंशी नंबरला खोकला आला, तो ठेवला, नॅचरल वाटतो. एकशे एक्केचाळीसला मागून इंदूबाईमामीचं "दूध पाहा बापा" आलं आहे. तेही राहू दिलं. दोनशे ऐंशीनंतर आवाज सुतासारखा बारीक झाला. तीनशेला नुसते ओठ हलले.

आवाज वाचवण्याचं काम पूर्ण झालं.

संध्याकाळी डॉक्टरांनी गळा पाहिला. म्हणाले, आता महिनाभर एक शब्द नाही. मामी म्हणाली, आठ दिवसाचा महिना करून दाखवला तू. मी समजावलं की एकोणीस वर्षांत मामांना अशी सलग विश्रांती कोणी दिली होती का? मामांनी उर्वशीची जुनी पाटी काढली आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही. भावुक प्रसंग टाळावेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहायचं राहिलं, कारण कॉम्प्युटर बसवला. जिनिंगच्या अडगळीतला जुना डब्बा आहे, सदाशिवराव म्हणाले, जाळ नाहीतर वापर. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. लोक लिनक्सला घाबरतात. मी घाबरत नाही, कारण मला त्यातलं काय बिघडू शकतं ते माहीत नाही.

पण एक गोष्ट मी एका दिवसात समजून घेतली. कॉम्प्युटरच्या आत साउंड सर्व्हर नावाचा एक बाबू बसलेला असतो. टोकन असो, गाणं असो, बॅटरीची टुणटुण असो, सगळा आवाज आधी त्याच्या टेबलावर जातो. मग तो ठरवतो, कोणाकडे पाठवायचा: भोंग्याकडे, हेडफोनकडे, का आणखी कुठं. भोंगा मामांचा स्वतःचा आहे. त्याची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात खोचली. आवाज आला.

इथं साधा माणूस थांबला असता. मी सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ वाढवली. तिचा अर्थ असा की नवीन काही जोडलं की सगळा आवाज आपोआप तिकडे वळेल. म्हणजे नवा जावई घरी आला की जुन्या जावयाला कोणी पोहे विचारत नाही, तसं. एकदम ॲडव्हान्स. उर्वशी बारावी सायन्सला आहे, ती म्हणाली, दादा, तुले एकच भोंगा आहे ना, मग वळवायचं कुठं? लहान आहे. भविष्याचा विचार तिला येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला दिवस. भोंग्यातून मामा: नंबर एक, गाडी काट्यावर घ्या. रांगेतले लोक म्हणाले, भीमराजभाऊचा गळा मोकळा झाला वाटते. मामा घरी अंगणात बसून स्वतःचा आवाज ऐकत होते. मामी सांगत होती, त्यांनी पाटीवर लिहिलं, "मी इथं, तर तिथं कोण?"

दुपारी थोडं निवांत होतं म्हणून यूएसबीचे हेडफोन लावून दोन गाणी ऐकावीत म्हटलं. हेडफोन लावताच मामा थेट माझ्या कानात बोलू लागले. नंबर एकतीस. क्वालिटी इतकी चांगली की मी डोळे मिटून ऐकत बसलो. अडतीसपर्यंत.

बाहेर आठ गाड्यांचे नंबर गेले होते. आठ माणसं ऑफिसात आली. त्यातल्या एकाने विचारलं, काहून भाऊ, आमचे नंबर तू एकटाच ऐकून राह्यला का? मी माहिती दिली की सिस्टिम बरोबर चालली, फक्त आवाज चांगल्या डिव्हाइसकडे गेला. सदाशिवरावांनी आठही गाड्या पुन्हा मध्ये घेतल्या आणि म्हणाले, पहिल्यांदा माफ.

हेडफोन काढून ठेवले. निश्चय: ड्युटीवर गाणी नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एकच गाणं. एकोणपन्नास आणि पन्नास गेले. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

लक्षात आलं होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी भोंग्यासाठी चांगली वायर आणायला दारव्ह्याला गेलो. उर्वशी कॉलेज बुडवून मशीनपाशी बसली, मी लगेच येतो म्हणालो. स्टँडवर नेरची जीप सुटत होती आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती. अशी जागा रोज मिळत नाही. नेरला कबड्डीचे सामने होते. दुसऱ्या दिवशी फायनल होती, ती सोडून येणं खेळाचा अपमान झाला असता. तिथं एका मोबाईलवाल्याकडे ब्लूटूथची चिप मिळाली. वायरपेक्षा पुढची गोष्ट. म्हणून वायर घेतली नाही.

दोन दिवस उर्वशीच्या हातात मशीन होतं आणि एकही नंबर चुकला नाही. म्हणजे मी बसवून दिलेली सिस्टिम माझ्याशिवायही चालते. याला म्हणतात काम. तिनं ती ओळ काढू का म्हणून विचारलं. प्रॅक्टिकलचा अभ्यास कर म्हणालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसच्या भिंतीला लागून सुखीबाईची चहाची टपरी आहे. तिच्या जावयानं नागपूरहून लाल रंगाचा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला आहे. सकाळी टेस्टिंग म्हणून आमचं मशीन त्याला जोडून पाहिलं. जोडलं गेलं. मग मी विसरलो, कारण कटिंग आला.

अकरा वाजता सुखीबाईनं भजन लावायला स्पीकर चालू केला. साउंड सर्व्हरला वाटलं, नवा पाहुणा आला. भोंगा गप्प. टपरीतून मामा बोलले: नंबर एकशे तेहेतीस, गाडी काट्यावर घ्या.

एकशे तेहेतीसची बैलगाडी टपरीपाशी आली. मग चौतीस. मग पस्तीस. पस्तीसच्या बैलानं पार्ले बिस्किटांची बरणी चाटायला घेतली. सुखीबाई म्हणाली, मले चहा विकायचा आहे का कापूस मोजायचा, ते तरी सांगा. एकशे एक्केचाळीसला "दूध पाहा बापा" आलं तेव्हा तिनं खरंच वळून दूध पाहिलं, आणि ते खरंच उतू चाललं होतं. त्या वेळेपासून तिचा त्या आवाजावर विश्वास बसला.

दुपारी मी स्पीकर बंद कर म्हणायला गेलो, तर ती म्हणाली, राहू दे ना भाऊ, आज चहाचं पातेलं तिसऱ्यांदा चढवलं. रांगेतल्या लोकांनीही सांगितलं, भोंग्यापेक्षा इथंच बरं, बसायला बाकडं आहे.

म्हणजे काही लोक समाधानी आहेत. पण मागच्या गाड्यांना काही ऐकू गेलं नाही. बारा गाड्या चुकल्या. सदाशिवराव म्हणाले, नयनले फोन केला आहे.

घरी मामांनी पाटी दाखवली: "आज कुठून?" मी सांगितलं, टपरीतून. मामांनी पुसून दुसरं लिहायला घेतलं आणि खडू मोडला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उर्वशी म्हणाली, ती एक ओळ काढून टाक. फक्त एक ओळ आहे. ती परत परत तेच म्हणते. अभ्यासाचं टेन्शन असावं.

१ डिसेंबर, सोमवार

शनिवारी सदाशिवरावांनी नवी गाडी घेतली. तिच्यात टेप आहे आणि त्या टेपला ब्लूटूथ आहे. मॅनेजरचा राग गेला तर मामांची जागा पक्की, असा विचार करून मी आपणहून म्हणालो, साहेब, तुमचा टेप जोडून देतो, चाचणीला कॉम्प्युटरवरून एक गाणं सोडतो. गाणं लागलं. ते खूश. म्हणाले, पोरगं कामाचं आहे. हे वाक्य मी वहीत मुद्दाम लिहून ठेवतो.

आज सकाळी ते ऑफिससमोर गाडी लावून फोनवर बोलत होते. गाडी सुरू, काचा खाली. साउंड सर्व्हरनं पाहिलं, नवा जावई मोटारीतून आला. गाडीच्या चारही दारांतून मामा एकदम बोलले: नंबर दोनशे बारा, गाडी काट्यावर घ्या.

सदाशिवरावांनी दचकून गाडी पुढं घेतली. दोनशे बारावाल्यानं आवाज गाडीतून आलेला ऐकला होता. टपरीवरच्या अनुभवावरून आता सगळ्या रांगेनं ठरवून टाकलं आहे की ज्या बाजूनं भीमराजभाऊचा आवाज, त्या बाजूला त्या दिवशीचा काटा. त्यानं बैल सदाशिवरावांच्या मागं हाकलले. त्याच्या मागं आणखी चार गाड्या. सदाशिवराव पेट्रोल पंपापर्यंत गेले. पाच बैलगाड्याही पंपापर्यंत गेल्या. पंपावरच्या माणसानं विचारलं, डिझेल का कापूस?

परत आल्यावर सदाशिवराव बराच वेळ माझ्याशी बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही. सारांश: ते म्हणाले, आणखी एक गाडी चुकू दे, मग पाह्य.

२ डिसेंबर, मंगळवार

नयन आला. ऑफिसात बसला आहे. खुर्ची रुंद आहे का ते एकदा बसून पाहिलं त्यानं. माइकमध्ये फुंकर मारली.

घरी मामीशिवाय कोणी माझ्याशी बोललं नाही. मामा तसेही बोलत नाहीत. मामी म्हणाली, या माणसानं एकोणीस वर्षं एक नंबर चुकवला नाही, एवढंच ध्यानात ठेव. आणि भाजी वाढली. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

निश्चय: उद्या सगळं मुळापासून.

३ डिसेंबर, बुधवार

मुळापासून केलं.

रोगाचं कारण सापडलं. डिव्हाइस जास्त झाले होते. एकाच घरात चार जावई. म्हणून ब्लूटूथची चिप उपटली. हेडफोन पेटीत. टेपचं आणि टपरीचं नाव पुसलं. सेटिंगच्या खिडकीत आणखी एक नाव दिसत होतं, लांबलचक, इंग्रजी, साउंड कार्डाचं. नेमकं कशाचं ते कळेना. संशयितच होतं. त्यालाही ऑफ केलं.

आता यादीत एकच नाव उरलं: डमी आउटपुट.

क्षणभर विचार केला. मग आठवलं, ऑक्टोबरच्या निवडणुकीत प्रत्येक पार्टीनं एक डमी उमेदवार ठेवला होता. मुख्याचा अर्ज बाद झाला की तो उभा. म्हणजे डमी हा राखीव, भरवशाचा माणूस. कोणाच्या अध्यातमध्यात नाही. हाच पाहिजे होता.

टोकन लावलं. स्क्रीनवर आवाजाची हिरवी पट्टी छान वर-खाली नाचू लागली. इतकी नियमित ती याआधी कधी नाचली नव्हती.

४ डिसेंबर, गुरुवार

शांतता. एकही तक्रार नाही. हिरवी पट्टी दिवसभर चालू. उर्वशीला सांगितलं की ती ओळ आता काढायची गरज नाही, वळायला कोणी उरलंच नाही. ती काहीतरी बोलणार होती, मी निघून आलो.

५ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसची खिडकी बंद करून घेतली. बाहेर रांगेत कोणी बाई सकाळपासून मोठमोठ्यानं ओरडत होती, त्यानं लक्ष विचलित होतं. भांडण असेल. अशा गोंगाटातही गाड्या एकामागून एक काट्यावर जाताना काचेतून दिसत होत्या. मामांच्या आवाजाची ताकद.

नयन दिसला नाही. त्यानं ओळखलं असावं की इथं आपलं काम नाही.

मामी दोन दिवस डबा घेऊन आली नाही. रागावर आहे. निकाल पाहून राग जाईल.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पांढरा शर्ट घालून सगळ्यांसोबत विहारात गेलो. वंदनेला मामा ओठ हलवत होते, आवाज नाही. मामीचा आवाज आज घोगरा वाटला. सर्दी असेल.

चैत्यभूमीला जायचं गेल्या वर्षापासून ठरवलं होतं. ड्युटीमुळे राहिलं. ड्युटीवर मग साडेअकराला पोचलो. मशीन सुरू करायच्या आधीच पंधरा गाड्या मोजून झाल्या होत्या. लोक आता स्वतःच शिस्तीनं येऊन राह्यले.

८ डिसेंबर, सोमवार

लिहावं की नाही असं वाटत होतं. लिहितो.

सदाशिवरावांनी बोलावलं. मी अभिनंदनाच्या तयारीनं गेलो. त्यांनी विचारलं, तुझं मशीन काय करून राह्यलं? मी म्हणालो, पुकारून राह्यलं. ते म्हणाले, तीन तारखेपासून त्यातून चिमणीएवढा आवाज आला नाही. मी हिरवी पट्टी दाखवली. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पट्टीकडे.

मग त्यांनी खिडकी उघडली. बाहेर ती ओरडणारी बाई होती. इंदूबाईमामी. पदर खोचून, एक हात कानावर ठेवून रांगेच्या कडेनं चालत नंबर पुकारत होती. भोंगा नाही, माइक नाही. गाडीखाली कोणी झोपलेला दिसला की चाकावर थाप मारून म्हणत होती, ऊठ बापा, तुहा नंबर लागला, कापूस सपनात मोजतं का?

झालं होतं असं. तीन तारखेला भोंगा गप्प झाला. मामी तेव्हा डबा घेऊन आली होती. नयन माइककडे सरकलेला तिनं पाहिला. डबा खाली ठेवला, ऑफिसातला टोकनचा कागद उचलला आणि बाहेर जाऊन पुकारायला लागली. मी त्या वेळी डमीच्या शोधात खाली मान घालून होतो. सदाशिवराव म्हणाले, पाच दिवसांत एक गाडी चुकली नाही. नयन आपल्या गावी गेला. मामा बरे होईपर्यंत मामीच पुकारेल. पण या घरच्या आवाजानं एक जरी गाडी चुकली तर मी नयनले परत बोलावतो, आणि मग जागा विसरा.

मला म्हणाले, तो डब्बा घेऊन जाय. तुह्या मामाचा भोंगाही.

शांतपणे विचार केल्यावर असं दिसतं की योजना यशस्वी झाली. जागा घरातच राहिली. फक्त आउटपुट डिव्हाइस बदलला. तो बदल माझ्यामुळेच झाला.

९ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर झोपलो.

१० डिसेंबर, बुधवार, दुपारी दोन

डब्बा घरी ओसरीवर मांडला. मी जेवत असताना उर्वशीनं काहीतरी केलं. साउंड कार्ड ऑन केलं म्हणे, आणि ती ओळ काढली म्हणे. तसंही मी संध्याकाळी तेच करणार होतो.

मामीला दोन दिवस आराम मिळाला पाहिजे. घसा तिचाही जाऊन राह्यला. मशीन पक्कं झालं आहे हे सिद्ध करून उद्या सदाशिवरावांना दाखवतो. पण सिद्ध करायचं म्हणजे मोकळ्या हवेत, पूर्ण आवाजात. भोंगा छतावर बांधला. तोंड रस्त्याकडे, कारण घराकडे केलं तर कान फुटतील.

आज आवक मोठी आहे. रांग जिनिंगपासून आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आहे. म्हणजे ऐकायला लोकही आहेत. चाचणीला याहून चांगला दिवस नाही.

दुपारी तीन

आवाज भोंग्यातून आला. पहिल्याच फटक्यात. हेडफोन मुद्दाम लावून पाहिले, तरी आवाज भोंग्यातच राहिला. मोबाईल जोडला, तरी भोंग्यात. हलला नाही. तेवीस दिवसांची मेहनत.

एकपासून लावायचा कंटाळा आला म्हणून मधूनच एकशे नऊपासून लावलं. नंबर एकशे नऊ, गाडी काट्यावर घ्या. काय तो आवाज. रस्त्यावरचे बैलसुद्धा कान टवकारून उभे राहिले. एकशे दहा. एकशे अकरा.

मामा अंगणातून ताडकन उठले. डोळे मोठे झाले होते. स्वतःचा आवाज असा गावभर फिरताना पाहून कोणीही हेलावेल. पाटी घेऊन माझ्याकडे धावत आले, दोन्ही हात हलवत. मी म्हणालो, मामा, तुम्ही शांत राहा, बोलू नका, डॉक्टरांनी सांगितलं आहे.

तीन वाजून दहा

मामा बोलले. बावीस दिवसांनी पहिला शब्द. बंद कर, म्हणाले. आवाज फाटका होता पण समजला. मी तेव्हाच बंद करणार होतो, पण दारात बैल आला.

खेमसिंग राठोड, टोकन एकशे नऊ, तीन दिवसांपासून रांगेत होते, ते कापसाची गाडी घेऊन आपल्या अंगणात आले आहेत. काटा कुठं ठेवला म्हणून विचारून राह्यले. त्यांच्या मागं गल्लीत एकशे दहा वळून राह्यली.